जमा केलेले जनुकीय क्रम सांभाळायचे कुणी? निधी देणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
जनुकीय संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांचे प्रमुख आणि त्यांच्या परीक्षण समित्यांचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या हाती एक दोन पानी पत्र पडलं. बुरशींच्या डीएनए सिक्वेन्सचा, म्हणजे जनुकीय क्रमांचा, एक छोटा सार्वजनिक डेटाबेस आम्ही चौघं मिळून सांभाळतो. त्याचं अनुदान पुढे चालू राहणार नाही, असं त्यात कळवलं होतं. कामात कुठे खोट काढलेली नव्हती. डेटाबेसचा वापर भरपूर होतो, हेही समितीनं मान्य केलं होतं. कारण एका ओळीत संपलं होतं: प्रस्तावात नवीन संशोधन दिसत नाही.

पत्र पाठवणाऱ्या संस्थेचं नाव मी घेत नाही, कारण हा निकष तिच्या एकटीचा नाही. तो जवळपास सगळीकडे लावला जातो. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी या डेटाबेसमध्ये ११ वर्षं नोंदी तपासते. समोर येते ती डीएनएच्या पाचसहाशे अक्षरांची एक रांग: ए, टी, जी, सी. तिच्यासोबत बुरशीचं नाव, ती कशावर सापडली, कुठे, कधी, आणि कुणी ओळखली. नाव आणि रांग यांचा मेळ बसतो का, हे पाहणं माझं काम. बसत नसेल तर मूळ कल्चर (प्रयोगशाळेत वाढवून जिवंत ठेवलेली बुरशी) किंवा वाळवलेला नमुना कुठल्या संग्रहात आहे ते शोधायचं, गोळा करणाऱ्याला लिहायचं आणि उत्तराची वाट पाहायची. काही नोंदी दहा मिनिटांत हातावेगळ्या होतात. एका नोंदीनं माझे सात महिने घेतले. नाव एका बुरशीचं होतं, क्रम दुसरीचा, आणि कल्चर जिथे ठेवलं होतं ती प्रयोगशाळाच बंद झालेली. शेवटी त्याच कल्चरचा भाग दुसऱ्या एका संग्रहात सापडला. तो पुन्हा वाढवला, त्याचा क्रम पुन्हा वाचला आणि मगच नाव बदललं. तोवर त्या नोंदीवर विसंबून कितीतरी जणांनी आपल्या नमुन्यांना तेच चुकीचं नाव दिलेलं होतं. त्या सगळ्या नोंदी हुडकून काढण्यात आणखी एक वर्ष गेलं.

याला नवीन संशोधन म्हणत नाहीत, हे मला मान्य आहे. पण रुग्णाच्या रक्तातून एखादी अनोळखी बुरशी वाढते तेव्हा प्रयोगशाळा काय करते, ते पाहा. तिच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचते, सार्वजनिक संग्रहात त्याच्याशी जुळणारी नोंद शोधते आणि यादीत सगळ्यात वर आलेलं नाव उचलते. औषध त्या नावावरून ठरतं.

कॅन्डिडा ऑरिसचंच घ्या. २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या या बुरशीचं वर्णन प्रथम प्रसिद्ध झालं. ती एकाहून अधिक औषधांना दाद न देणारी आणि रुग्णालयात एकाकडून दुसऱ्याकडे पसरणारी निघाली. रासायनिक चाचण्या करणारी नेहमीची यंत्रं तिला तिच्या जवळच्या नात्यातल्या दुसऱ्याच यीस्टचं नाव देत. क्रम वाचून योग्य नोंदीशी ताडून पाहिला की खरी ओळख पटे. मग लोकांनी जुनी साठवलेली कल्चर तपासली, आणि दक्षिण कोरियात १९९६ मध्ये रुग्णाच्या रक्तातून घेतलेलं एक कल्चर हीच बुरशी असल्याचं दिसलं. म्हणजे वर्षानुवर्षं ती चुकीच्या नावाखाली कपाटात पडून होती. तिला ओळखायला लागली ती एक बरोबर नोंद, आणि ती बरोबर राहील हे पाहणारं कुणीतरी.

या कामाला विज्ञानात दुय्यम मानणं नवीन नाही. १९६५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मार्गारेट डेहॉफ यांनी तोवर वाचल्या गेलेल्या प्रथिनांचे क्रम एका पुस्तकात गोळा केले. ती सारी मिळून ६५ प्रथिनं होती. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांसाठी आज सगळे वापरतात ती एकाक्षरी लिपी त्यांचीच. तरीही दुसऱ्यांनी काढलेलं गोळा करणं म्हणजे संशोधन नव्हे, हा शेरा त्यांच्याही वाट्याला आला आणि संग्रह चालवायला पैसा मिळवताना त्यांना झगडावं लागलं. १९८२ मध्ये युरोपात ईएमबीएल या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा आणि अमेरिकेत जीनबँकेचा सार्वजनिक संग्रह सुरू झाला. त्या डिसेंबरच्या जीनबँकेत ६०६ क्रम होते. पुढे जपानचा डीडीबीजे त्यांना येऊन मिळाला. तेव्हापासून तिघं आपापल्या नोंदींची रोज देवाणघेवाण करतात. कुठल्याही एका ठिकाणी जमा केलेला क्रम तिन्हीकडे दिसतो, आणि तो पाहायला पैसे पडत नाहीत. माणसांनी मिळून उभ्या केलेल्या फार थोड्या गोष्टी इतक्या सरळपणे इतकी वर्षं चालल्या असतील.

अशा संग्रहातून काय निघतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १९८३ चं आहे. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रसेल डूलिटल क्रम गोळा करून संगणकावर एकमेकांशी ताडून पाहत असत. माकडांत गाठी निर्माण करणाऱ्या एका विषाणूतल्या कर्करोगकारक जनुकाचा क्रम त्यांच्या संग्रहात होता. रक्तातल्या प्लेटलेटमधून येणाऱ्या, पेशींना वाढायला सांगणाऱ्या एका प्रथिनाचा क्रम नव्यानं उपलब्ध झाला होता. दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या प्रश्नांसाठी काढलेले हे क्रम शेजारी ठेवल्यावर जवळपास तंतोतंत जुळले. शरीर वाढीसाठी जो निरोप वापरतं, तोच विषाणूनं पळवला होता. कर्करोगाकडे पाहण्याची दिशा बदलणारी ही गोष्ट कळली ती कुणीतरी दोन्ही क्रम एका जागी नीट ठेवले होते म्हणून. हे आपल्या निकषात ‘नवीन’ बसतं की नाही?

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल पाहा. त्यातला अर्धा वाटा प्रथिनांच्या घड्या ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीच्या निर्मात्यांना मिळाला. ती प्रणाली शिकली ती प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनांवरून आणि सार्वजनिक संग्रहांतल्या असंख्य क्रमांवरून. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात मोजून सात रचना होत्या. पुढची पन्नास वर्षं ती ज्यांनी तपासत, नीटनेटकी करत वाढवली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या प्रस्तावांत ‘नवीन’ काही नव्हतं.

आता तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार: कायमच्या कामाला आपण तात्पुरता पैसा देता. तीन वर्षांचा प्रकल्प, मग नवा अर्ज, नवं आमिष. टिकायचं म्हणून आम्ही दर वेळी एखादं नवं साधन बांधायचं वचन देतो, आणि नोंदी तपासायचा वेळ त्यात जातो. हे आमच्यापुरतं नाही. स्विस-प्रॉट हा प्रथिनांचा बारकाईनं तपासलेला संग्रह १९९६ मध्ये पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होता. तो सुरू करणाऱ्या अमोस बैरोख यांनी जगभरच्या वापरकर्त्यांना जाहीर साद घातली, हजारो लोक उभे राहिले, तेव्हा कुठे तो वाचला. २०११ च्या सुरुवातीला अमेरिकेतला कच्च्या सिक्वेन्सचा मोठा संग्रह, एसआरए, अंदाजपत्रकाच्या ओढाताणीमुळे गुंडाळण्याचं जाहीर झालं होतं. तो निर्णय त्याच वर्षी फिरवला गेला. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या अरॅबिडॉप्सिसवर (मोहरीच्या कुळातली एक छोटी वनस्पती) जगतात, तिचा टेअर हा डेटाबेस इतका सुदैवी नव्हता. २०१३ मध्ये त्याचं सरकारी अनुदान संपलं आणि त्याला वर्गणी घ्यायला लागली. रस्ता बांधायला पैसा द्यायचा आणि खड्डे बुजवायला द्यायचा नाही, कारण खड्डा बुजवणं नवीन नाही, असा हा व्यवहार आहे.

दुसरी तक्रार चुकांची. मोठे संग्रह स्वतःला दप्तर मानतात: ज्यानं नोंद दिली तोच ती बदलू शकतो. त्यामागचा विचार मला समजतो. दुसऱ्याच्या नोंदीत कुणीही हात घालू लागला तर दप्तराला अर्थ राहणार नाही. पण नोंद देणारा निवृत्त होतो, विषय बदलतो, मरतो, आणि चूक मात्र तशीच राहते. २००८ मध्ये २५० हून अधिक बुरशीतज्ज्ञांनी एकत्र येऊन जाहीर पत्र लिहिलं की इतर जाणकारांना नोंदीवर आपला शेरा जोडू द्या, जसा वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात जुन्या चिठ्ठीशेजारी नवी चिठ्ठी चिकटवतात. जुनी चिठ्ठी कुणी फाडत नाही. दोन्ही दिसतात आणि पाहणारा ठरवतो. मागणी मान्य झाली नाही. म्हणून आमच्यासारखे छोटे संग्रह उभे राहिले, जिथे त्या चिठ्ठ्या ठेवल्या जातात. आता तेही बंद होणार.

भेसळीचं प्रकरण वेगळंच. नमुन्यात जिवाणू असतात, हाताळणाऱ्या माणसाचा डीएनए असतो, शेजारच्या नळीतला थेंब असतो. सगळं एकत्र वाचलं जातं आणि एकाच्या नावावर जमा होतं. २०२० मध्ये दोन संशोधकांनी जीनबँक चाळली, तेव्हा २० लाखांहून अधिक नोंदींत अशी भेसळ सापडली. २०१५ मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म जलचराच्या सुमारे सहाव्या भागाएवढी जनुकं दुसऱ्या जिवांकडून आलेली आहेत, असा दावा प्रसिद्ध झाला आणि खूप गाजला. एडिंबरामधल्या गटानं त्याच प्राण्याचा स्वतंत्रपणे काढलेला जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय क्रम, समोर ठेवून काही दिवसांतच दाखवलं की त्यातला बहुतेक भाग जिवाणूंच्या भेसळीचा आहे. हे इतक्या लवकर झालं कारण दोन्ही बाजूंचा डेटा उघडा होता. उघडेपणाचा हा फायदा मला वेगापेक्षाही मोठा वाटतो. पण तो मिळायला चूक सापडल्यावर ती लिहून ठेवायला जागा तर हवी.

तिसरी तक्रार: ‘मागितल्यास डेटा दिला जाईल.’ हे वाक्य असलेल्या शोधनिबंधांना आपण पैसा देत राहता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, अशी तयारी दाखवणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना खरोखर पत्रं लिहिली गेली. डेटा दिला तो १२२ जणांनी, म्हणजे शंभरातल्या जेमतेम सातांनी. मी स्वतः एका प्रयोगशाळेला चार वेळा लिहिलं. दोनदा उत्तर नाही, तिसऱ्यांदा पुढच्या महिन्यात देतो, चौथ्यांदा कळलं की ज्या विद्यार्थ्यानं काम केलं तो गेला आणि त्याच्यासोबत हार्ड डिस्कही. ते काम सार्वजनिक पैशातून झालेलं होतं. १९९६ मध्ये बर्म्युडात जमलेल्या मानवी जीनोमच्या शास्त्रज्ञांनी ठरवलं होतं की तुकडे जोडून १,००० अक्षरांपेक्षा लांब क्रम हाती आला की तो २४ तासांत सर्वांसाठी खुला करायचा. निबंधाची, श्रेयाची वाट पाहायची नाही. तेव्हा जमलं ते आज का जमत नाही?

उशिराची किंमत साथीत दिसते. २०१४ मध्ये सिएरा लिओनमधल्या ७८ रुग्णांकडून मिळालेले इबोलाचे ९९ जीनोम संशोधकांनी लगेच खुले केले. त्या निबंधाच्या लेखकांपैकी पाच जण तो छापून येण्याआधी इबोलानंच गेले. त्यांनी एवढं देऊनही पुढचे सुमारे तीन महिने, साथ भडकत असताना, नवे क्रम जवळपास आलेच नाहीत. ते प्रयोगशाळांत होते, बाहेर नव्हते. याउलट जानेवारी २०२० मध्ये नव्या कोरोना विषाणूचा सुमारे ३०,००० अक्षरांचा क्रम खुला झाला आणि १६ मार्चला लशीच्या चाचणीतला पहिला डोस टोचला गेला होता.

चौथी तक्रार थोडक्यात. स्थळ नाही, तारीख नाही, नमुना कुठे ठेवला ते नाही, अशा नोंदी अजून ढिगानं आहेत. मोठ्या संग्रहांनी २०२३ पासून देश आणि तारीख सक्तीची केली, ते बरं झालं. जुन्या नोंदींचं काय, यावर कुणी बोलत नाही.

पाचवी तक्रार माझ्या स्वतःच्या बाजूच्या लोकांना रुचणार नाही. ‘सगळं खुलं करा’ असं आम्ही म्हणतो तेव्हा देणाऱ्याच्या पदरात काय पडतं, हे विचारत नाही. २००७ मध्ये इंडोनेशियानं बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणं थांबवलं. त्यांचं म्हणणं होतं की नमुने आमचे, त्यावरून लस बनवणार दुसरे, आणि ती आम्हालाच परवडणार नाही. त्या वेळी अनेकांनी त्यांना दोष दिला. पण त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि २०११ मध्ये नमुने व लाभ दोन्ही वाटून घेण्याचा जागतिक करार झाला तो त्यातूनच. तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये काय झालं? बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉनचे क्रम झपाट्यानं खुले केले आणि बदल्यात त्यांच्या विमानांना बंदी मिळाली. पुढच्या वेळी कुणी हात आखडता घेतला तर त्याला बोल लावायचा हक्क आपल्याला उरेल का?

संग्रहात कोण नाही, हाही याच प्रश्नाचा भाग. २०१८ पर्यंत जनुकं आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या जीनोमव्यापी अभ्यासांत सामील झालेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. परिणाम कागदावर राहत नाही. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारासाठी दोषी ठरवलेले काही जनुकीय बदल आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत सर्रास आढळणारे आणि निरुपद्रवी निघाले, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. तोवर काही रुग्णांना तुम्हाला हा आजार आहे असं सांगून झालं होतं. तुलनेच्या गटात तसे थोडे लोक जरी असते तरी ही चूक बहुधा टळली असती.

आणि माणसाचा क्रम बुरशीच्या क्रमासारखा रस्त्यावर मांडायची गोष्ट नाही, हे मी ठामपणे म्हणते. हीला पेशी म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या कर्करोगाच्या गाठीतून घेऊन प्रयोगशाळांत वाढवत ठेवलेल्या पेशी. मार्च २०१३ मध्ये त्यांचा जीनोम लॅक्स यांच्या कुटुंबाला न विचारता खुला झाला. आक्षेपानंतर तो मागे घ्यावा लागला. ऑगस्टमध्ये करार झाला की मागणाऱ्याचा अर्ज एक समिती पाहील आणि त्या समितीत कुटुंबाचे प्रतिनिधी असतील. कुलूप लावलं तरी वापर चालू राहिला. बुरशी, विषाणू, पिकं उघड्यावर आणि माणसं संमतीच्या दाराआड, ही विभागणी करता येते. खुलेपणा आणि संमती यांचं भांडण दाखवून काहीच न करणं चालणार नाही.

आमच्या मागण्या अशा.

१. संग्रहांच्या देखभालीसाठी संशोधनापासून वेगळं, किमान दहा वर्षांचं अनुदान ठेवा. त्याची परीक्षा नावीन्यावर नको. किती लोक वापरतात, किती चुका दुरुस्त झाल्या, नोंदी किती पूर्ण आहेत, यावर घ्या.

२. आपल्या पैशातून काढलेला क्रम सार्वजनिक संग्रहात गेल्याचा ॲक्सेशन नंबर (संग्रहानं नोंदीला दिलेला क्रमांक) दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. ‘मागितल्यास देऊ’ हे वाक्य अहवालात स्वीकारू नका. साथीच्या काळात मुदत दिवसांत मोजा.

३. मूळ नोंदीला हात न लावता तिच्याशेजारी इतर जाणकारांचा शेरा, नाव आणि पुराव्यासह, दिसेल अशी सोय करायला मोठ्या संग्रहांना पैसा द्या, आणि ती करण्याची अटही घाला.

४. नमुने देणाऱ्या प्रदेशांतल्या प्रयोगशाळांना यंत्रं, प्रशिक्षण आणि विश्लेषणाची ताकद द्या, म्हणजे क्रम तिथेच वाचले जातील आणि श्रेय तिथेच राहील. मानवी डेटासाठी समाजाच्या प्रतिनिधींसह संमतीची व्यवस्था हा खर्चाचा नेहमीचा भाग माना.

५. नोंदी तपासणं हे काम बढतीच्या आणि निवडीच्या कागदांत मोजा. माझ्यासोबत काम शिकलेल्या तिघांनी ते सोडलं, कारण त्यांच्या नावावर दाखवायला काही नव्हतं.

६. एखादा संग्रह बंद करायचाच असेल तर निदान वर्षभर आधी कळवा आणि त्यातला मजकूर कुठे जाईल ते ठरवून मगच बंद करा.

आमच्या करारातले पाच महिने उरले आहेत. ११ वर्षांत केलेल्या दुरुस्त्या, म्हणजे कुठली नोंद चुकीची, का चुकीची, कुणी तपासली, मूळ नमुना कुठे आहे, हे सारं आमच्या सर्व्हरवर आहे. मोठ्या संग्रहांत त्या दुरुस्त्यांना आज जागा नाही, आणि दुसरीकडे त्या कुठेही लिहिलेल्या नाहीत. सर्व्हर बंद झाला की यादीत सगळ्यात वर पुन्हा जुनीच नावं दिसतील. बाकी मागण्यांवर विचार करायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. सहाव्या मागणीचं उत्तर मात्र पाच महिन्यांच्या आत हवं आहे: या दुरुस्त्या आम्ही कुणाच्या हवाली करायच्या?

आपली विश्वासू,
बुरशींच्या नोंदी तपासणारी एक क्युरेटर